इंगल्शॅमचं चर्च आणि न खरवडलेल्या भिंती

इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी चर्च बघायला गेलेला माणूस एका बाबतीत हमखास फसतो. बाहेरून बाराव्या-तेराव्या शतकातलं दिसणारं चर्च आतून बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं असतं. बाकं तेव्हाची, फरश्या तेव्हाच्या, खिडक्यांच्या रंगीत काचाही बहुधा तेव्हाच्याच. उघड्या दगडाच्या ज्या भिंतींवर हात ठेवून आपण ‘केवढं प्राचीन!’ म्हणतो, त्या मध्ययुगात कुणी तशा उघड्या पाहिलेल्याच नव्हत्या. त्यांवर चुन्याचा गिलावा होता, गिलाव्यावर चित्रं होती, आणि शे-दीडशे वर्षांपूर्वी ‘मूळ रूप परत आणायचं’ म्हणून कुणीतरी ते सगळं खरवडून काढलं.

ज्या थोड्या चर्चमध्ये हे घडलं नाही, त्यांतलं एक विल्टशायरमध्ये थेम्सच्या काठी आहे. इंगल्शॅम नावाचं गाव, आणि त्यातलं सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च. खरं तर ‘गावातलं’ म्हणणंही जड जातं, कारण मध्ययुगातलं गाव जवळजवळ उठून गेलं आहे. आता चर्चच्या आसपास दोन-चार घरं आणि शेतं उरली आहेत. लेचलेड हे बाजारपेठेचं गाव इथून जवळ. कोल्न नावाची छोटी नदी याच भागात थेम्सला मिळते. थेम्स आणि सेव्हर्न या दोन नद्यांना जोडणारा 1789मध्ये सुरू झालेला कालवाही इथेच येऊन मिळायचा. म्हणजे एके काळी इथे वर्दळ होती. पुढे ती थांबली, आणि वस्तीही पांगली. हे चर्च वाचण्यात या गरिबीचा मोठा हात आहे, कारण पैसेवाल्या गावांनी आपली चर्च उत्साहाने नवी करून घेतली.

आधी इमारत समजून घेऊ. कुठल्याही मध्ययुगीन इंग्लिश चर्चचा आराखडा देवळाच्या भाषेत पटकन कळतो : पश्चिमेला लोकांनी बसायचा सभामंडप, पूर्वेला पाद्रीबुवांचा आणि वेदीचा गाभारा, आणि सभामंडपाच्या दोन्ही अंगांना कमानींच्या ओळीपलीकडे पडव्या. इंगल्शॅममध्ये हे सगळं अगदी लहान प्रमाणावर आहे. मनोरा नाही. पश्चिमेकडच्या त्रिकोणी भिंतीच्या टोकावर घंटा टांगायला दगडी महिरप काढली आहे, तेवढीच उंची.

आज दिसणारी इमारत मुख्यतः 1205च्या आसपासची. त्या वर्षी जॉन राजाने हे चर्च सिस्टर्शियन पंथाच्या मठाला दिलं. तेच संन्यासी पुढे दक्षिणेला ब्युली इथे स्थिरावले. शैलीच्या दृष्टीने हा सांध्याचा काळ आहे. त्याआधीच्या नॉर्मन बांधकामात कमानी अर्धगोल आणि खांब जाडजूड असायचे. 1200च्या सुमाराला टोकदार कमानी आल्या, खिडक्या उंच आणि अरुंद झाल्या, खांबांच्या माथ्यावर ताठ देठांची पानं कोरली जाऊ लागली. टोकदार कमानीचा फायदा असा की तिच्यावरचं वजन बाजूला कमी ढकललं जातं आणि खाली जास्त उतरतं, त्यामुळे भिंतीवरचा ताण घटतो. शिवाय कमानीची रुंदी बदलली तरी उंची हवी तेवढी ठेवता येते. मोठ्या कॅथीड्रलांमध्ये याचं फळ ठळक दिसतं. इंगल्शॅमसारख्या खेड्यातल्या चर्चमध्ये तोच बदल गवंड्यांच्या हातून हळूच शिरलेला दिसतो, आणि मला तो इथे जास्त जवळचा वाटतो.

पण इमारतीतली सगळ्यात जुनी वस्तू 1205च्याही आधीची आहे. सॅक्सन काळाच्या अखेरीचं, साधारण हजार वर्षांपूर्वीचं, मेरी आणि बाळ येशूचं दगडी शिल्प. ते बरीच वर्षं बाहेरच्या भिंतीत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आत आणलं. दगड झिजला आहे, चेहऱ्यांचे तपशील गेले आहेत, पण बसलेल्या आईची मांडीवरच्या बाळावर झुकलेली पाठ स्पष्ट आहे. वरच्या कोपऱ्यातून एक हात खाली येतो, बोट बाळाकडे केलेलं. तो देवाचा हात. देवाला पूर्ण मानवी रूपात न दाखवता नुसता ढगातून येणारा हात दाखवण्याची रीत त्या काळी युरोपभर होती. शिल्पकाराकडे फार कसब होतं असं म्हणता येणार नाही. तरी त्या वाकलेल्या पाठीत जे आहे ते कसबापलीकडचं आहे.

आता भिंतींकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

मध्ययुगीन गावचर्चची भिंत म्हणजे घडीव दगडांची भिंत नव्हे. कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, खांब, कमानी एवढ्यापुरता घडीव दगड. बाकीची भिंत ओबडधोबड दगडांची : बाहेरून एक थर, आतून एक थर, मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे आणि चुना. ही भिंत उघडी ठेवायची असा बांधणाऱ्यांचा विचारच नव्हता. तिच्यावर आतून चुन्याचा गिलावा आणि सफेदी व्हायचीच, बाहेरूनही बहुधा व्हायची. गंमत म्हणजे सफेदी केल्यावर तिच्यावर तांबड्या रेघा मारून घडीव दगडांचे सांधे रंगवायची पद्धत होती. भिंत आतून डबराची, वर चुना, आणि चुन्यावर चिरेबंदीचं चित्र! तेराव्या शतकात ही सजावट इतकी रूढ होती की ती अनेक चर्चमध्ये आजही तुकड्या-तुकड्यांत सापडते.

गिलावा शोभेसाठी होता, तसाच कामासाठीही होता. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो विरतो. असा विरलेला चुना भिंतीवर चढवला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत चुनखडी बनतो. म्हणजे भिंतीवर पातळ दगडाचाच थर तयार होतो, पण सच्छिद्र. जुन्या भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतंच. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर उडून जाऊ देतो, आणि पाण्याबरोबर आलेले क्षारही स्वतःच्या अंगावर घेतो. झिजायचं ते त्याने झिजायचं, दगडाने नाही. काही वर्षांनी सफेदीचा नवा हात दिला की झालं. सिमेंटला हे जमत नाही. ते ओल आत कोंडतं, आणि कोंडलेली ओल दगडाचा पृष्ठभाग आतून फोडत राहते.

तर या सफेद भिंतींवर मध्ययुगात चित्रं होती. गावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, लॅटिन प्रार्थना कळत नव्हत्या; संतांच्या कथा, शेवटचा न्यायनिवाडा, स्वर्ग-नरक हे सगळं भिंतीवर बघायचं. इंगल्शॅममध्ये न्यायनिवाड्याचे, देवदूतांचे अवशेष आजही ओळखता येतात. मग सोळाव्या शतकात इंग्लंडची धर्मव्यवस्था उलटीपालटी झाली. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, म्हणजे 1547 ते 1553 या काळात, चित्रं आणि मूर्ती ही मूर्तिपूजेची साधनं ठरवून काढायचे हुकूम निघाले. मूर्ती फोडता येतात, भिंत फोडता येत नाही. मग गावोगाव चुना आणला गेला आणि चित्रांवर सफेदी फिरली. अनेक चर्चच्या जमाखर्चाच्या वह्यांत या चुन्याचे आणि मजुरीचे आकडे आजही वाचायला मिळतात. त्या पांढऱ्या भिंतीवर मग इंग्रजीत बायबलमधली वचनं लिहिली गेली, दहा आज्ञा लिहिल्या गेल्या. पुढच्या पिढीने त्यावर पुन्हा सफेदी करून नवी अक्षरं काढली, त्याच्या पुढच्या पिढीने पुन्हा.

चित्रं पुसण्यासाठी लावलेल्या त्या चुन्यानेच ती पुढची तीन-चारशे वर्षं धूर, ऊन आणि हातांपासून झाकून ठेवली. इंगल्शॅममध्ये तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे थर आहेत. काही जागी एकावर एक सात. भिंतीचा हातभर तुकडा जवळून पाहिला की एका गॉथिक अक्षराच्या पोटातून तांबडी वेल डोकावते, अक्षराचं शेपूट पोपड्याच्या कडेला तुटतं, आणि पोपड्याखाली आणखी जुनी रेघ दिसते. एकही चित्र पूर्ण नाही. प्रत्येक पिढीने काय म्हटलं त्याचा एकेक शब्द मात्र तिथे आहे.

असा पुरावा इंग्लंडभर हजारो चर्चमध्ये होता. तो गेला कुठे?

1839मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या तरुणांनी केंब्रिज कॅम्डेन सोसायटी काढली. चर्चची इमारत कशी असावी याबद्दल त्यांची मतं ठाम होती. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची, शैली ही ख्रिस्ती वास्तुकलेचं शिखर, त्याआधीचं कच्चं, त्यानंतरचं उताराला लागलेलं. मग पंधराव्या शतकातली चांगली धडधाकट खिडकी काढून तिथे चौदाव्या शतकासारखी नवी खिडकी बसवायची, असले प्रकार सुरू झाले. सतराव्या-अठराव्या शतकातली पेटीसारखी बंदिस्त बाकं काढली गेली. भिंतींवरचा गिलावा खरवडून दगड उघडे केले गेले, कारण दगड म्हणजे ‘प्रामाणिक’ आणि गिलावा म्हणजे मागाहून केलेली लबाडी, अशी समजूत. 1840 ते 1875 या काळात इंग्लंड आणि वेल्समधल्या सात हजारांहून जास्त जुन्या चर्चवर असं काम झालं.

या लोकांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. कित्येक चर्चची छपरं तेव्हा गळत होती, भिंती कलल्या होत्या. हे काम झालं नसतं तर त्यातली बरीच आज उभी नसती. बंदिस्त बाकांना त्यांचा विरोध होता त्यामागेही न्यायाची बाजू होती. ती बाकं घराण्यांच्या मालकीची असत, भाड्याने दिली जात, आणि गरिबांना मागे किंवा कोपऱ्यात जागा मिळे. देवाच्या घरात दारं लावलेल्या खासगी जागा नकोत, हे म्हणणं चूक कसं म्हणावं? चुकलं ते पुढचं पाऊल. एक काळ निवडून त्याला ‘मूळ’ म्हणायचं आणि बाकीच्या शतकांना कचरा समजायचं, हे चुकलं. पुन्हा ते ‘मूळ’ही बहुतेक वेळा अंदाजाने घडवलेलं असे.

या लाटेविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणजे विल्यम मॉरिस. भिंतींच्या कागदांवरच्या त्याच्या वेलबुट्ट्या आजही विकल्या जातात, त्यामुळे नाव अनेकांना ठाऊक असतं. तो कवी होता, विणकाम-छपाई स्वतःच्या हाताने करणारा कारागीर होता, पुढे कट्टर समाजवादी झाला. 1871पासून त्याने केल्मस्कॉट इथलं थेम्सकाठचं जुनं घर भाड्याने घेतलं होतं. 1876मध्ये जवळच्या बर्फर्डच्या चर्चमध्ये चाललेलं काम पाहून तो संतापला. त्याने जाब विचारला तेव्हा तिथल्या पाद्रीबुवांनी ‘चर्च माझं आहे, मी मनात आणलं तर इथे डोक्यावर उभा राहीन’ असं सुनावलं, असं सांगतात. पुढच्या वर्षी ट्यूक्सबरीच्या मोठ्या मठचर्चचं काम जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या नामवंत वास्तुविशारदाकडे जाणार असं कळल्यावर मॉरिसने एका साप्ताहिकाला जाहीर पत्र लिहिलं, आणि मार्च 1877मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ती आजही काम करते. तिला त्याने लाडाने ठेवलेलं नाव होतं ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली.

संस्थेच्या जाहीरनाम्यातला युक्तिवाद आजही ताजा आहे. जुनी इमारत एका दिवशी पूर्ण होत नाही; शतकानुशतकं तिच्यात भर पडते आणि ती भर त्या त्या काळाच्या पद्धतीने, उघडपणे पडते. तेराव्या शतकातल्या गवंड्याने कोरलेलं पान हे त्याच्या हाताचं, त्याच्या मनाचं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या मजुराला नकाशा देऊन तसंच पान कोरायला लावलं तर आकार जमेल, पण ते काम दोघांचंही नसेल. म्हणून नव्याने घडवू नका. गळकं छप्पर दुरुस्त करा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, रोजच्या रोज निगा राखा. जो आधार द्याल तो आधार आहे हे लपवू नका. इमारत आजच्या गरजेला पुरत नसेल तर दुसरी बांधा.

बोलणं सोपं, करून दाखवणं अवघड. इंगल्शॅम हे त्याचं करून दाखवलेलं उदाहरण. केल्मस्कॉटपासून हे चर्च पाच-सात किलोमीटरवर, आणि मॉरिसचा त्याच्यावर जीव होता. 1888-89मध्ये त्याच्या पुढाकाराने आणि मदतीने दुरुस्ती झाली. वास्तुविशारद होते जे. टी. मिकलथ्वेट. विशेष म्हणजे ते ट्यूक्सबरीवाल्या स्कॉट यांच्याकडेच शिकलेले. ज्या शाळेविरुद्ध भांडण, तिच्यातलाच विद्यार्थी या कामाला मिळाला आणि त्याने काम चोख केलं. छप्पर आणि दगडकाम सुरक्षित केलं, बाकीचं जागच्या जागी राहू दिलं. म्हणून आज तिथे शिरलं की तेराव्या शतकातल्या कमानींखाली पंधराव्या शतकातले लाकडी जाळीदार पडदे, त्यांना टेकून सतरा-अठराव्या शतकातली दारांची बाकं, उंच व्यासपीठ आणि भोवती थर सुटलेल्या भिंती, असं सगळं एकत्र दिसतं. बाकं सरळ रेषेत नाहीत. लाकूड ऊन खाऊन फिकट झालं आहे. कॅम्डेनवाल्यांनी हे चर्च पाहिलं असतं तर पहिल्या दिवशी निम्मं सामान बाहेर काढलं असतं.

काहीही न करता जपायचं, इतकं हे सरळ मात्र नाही. सात थर आहेत, पण भिंत एकच. खालचं चौदाव्या शतकातलं चित्र पाहायचं तर वरची अठराव्या शतकातली अक्षरं काढावी लागतील, आणि ती परत आणता येणार नाहीत. वरची ठेवायची तर खालचं कधीच दिसणार नाही. इंगल्शॅममध्ये जिथे जो थर उघडा आहे, तिथे तोच स्थिर करायचा असा मार्ग धरला आहे. गिलावा भिंतीपासून सुटला असेल तिथे मागच्या पोकळीत पातळ चुना सोडायचा, कडा चुन्याने बांधून घ्यायच्या, धूळ मऊ कुंचल्याने काढायची. तुटलेलं चित्र रंगवून पूर्ण करायचं नाही. या सावधगिरीमागे अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या अनेक भित्तिचित्रांवर ती टिकावीत म्हणून मेण फासलं गेलं. सुरुवातीला रंग खुलले, मग मेणाखाली ओल अडकली, वर धूळ चिकटली, आणि पुढच्या तज्ज्ञांची वर्षं ते मेण उतरवण्यात गेली. प्रेमाने केलेलं काम होतं ते, पण भिंतीचा श्वास त्याने बंद केला.

आता इंगल्शॅममध्ये नियमित उपासना होत नाही. चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट ही संस्था अशा साडेतीनशेहून जास्त चर्चची देखभाल करते, त्यांतलं हे एक.

मॉरिसचा विचार आपल्यापर्यंतही आला आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी 1923मध्ये जतनाच्या कामासाठी नियमपुस्तिका लिहिली. इमारत नवी करणं नव्हे, तिचं अस्सलपण जपणं हे आपलं पहिलं कर्तव्य, हा तिचा गाभा थेट मॉरिसच्या संस्थेच्या विचाराशी जुळतो. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या संरक्षित वास्तूंवर काम करणाऱ्या पिढ्या त्या पुस्तिकेवर घडल्या.

आणि खरवडण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरणही आपल्या दाराशीच आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझसचं बॅसिलिका 1594 ते 1605 या काळात बांधलं गेलं. दर्शनी भागातलं नक्षीकामाचं काळं पाषाण वसईहून आणलेलं, बाकी भिंती जांभ्या दगडाच्या, आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. 1950च्या दशकात बाल्टाझार कॅस्ट्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने बाहेरचा गिलावा काढून टाकला, जांभा उघडा केला. इमारत अधिक प्राचीन दिसावी, ही कल्पना. आज पर्यटकांना ते तांबूस चर्च तसंच मूळचं वाटतं. पण जांभा सच्छिद्र असतो, आणि गोव्याचा पाऊस कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. उघड्या भिंती पाणी पितात, शेवाळ धरतात, पृष्ठभाग सुटत जातो.

गिलावा परत चढवावा का, यावर तिथे मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, तांबडं रूप आता लोकांच्या मनात बसलं आहे. तेही इतिहासाचाच भाग झालं. मॉरिसचाच तर्क वापरून कुणी असंही म्हणेल की पुन्हा गिलावा करणं म्हणजे पुन्हा एकदा ‘मूळ रूप’ आणणं. मला ते पटत नाही. गिलावा हा कुणा कारागिराच्या हाताचा एकमेव नमुना नसतो. तो झिजण्यासाठी आणि पुन्हा पुन्हा करण्यासाठीच असतो, सफेदीसारखा, कौलं चाळण्यासारखा. नक्षीला हात न लावता उघड्या जांभ्यावर चुना चढवणं हे छप्पर शाकारण्याच्या जातीचं काम आहे, आणि तशी निगा तर जाहीरनाम्यातच सांगितली आहे. फक्त तो चुनाच असला पाहिजे, नीट विरवलेला, पावसाळा संपल्यावर चढवलेला, आणि सुकायला पुरेसा वेळ दिलेला.